करवीरच्या तालमी व फुटबॉल : एका उपेक्षित साधनसमूहाविषयीं

नेवाशाचा पैस खांब मराठी वाचकांस नव्यानें सांगावयास नको. शके १२१२ मध्यें ज्या खांबास टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली असें परंपरा मानते, तोच हा खांब. यात्रेकरू त्यास हात लावतो, कपाळ टेकवितो व परततो. खांबावर कोरलेला लेख फार थोडे लोक वाचतात. आणि जे वाचतात त्यांच्या ध्यानांत येतें कीं, त्यांत अध्यात्माचें एक अक्षरहि नाहीं. देवापुढील दिव्यास तेल मिळत राहावें म्हणून केलेल्या देणगीची ती नोंद आहे. शुद्ध हिशेबाची बाब. देऊळ गेलें, दिवा विझला, देणगी बंद पडली. तेलाच्या खर्चाची नोंद तेवढी राहिली, आणि त्या देवाचें करवीरेश्वर हें नांवहि तिनेंच राखलें.

दुसरें उदाहरण याच गांवचें. प्रवरेच्या कांठच्या टेकाडांत डॉ. ह. धी. सांकळिया यांनीं १९५४ ते १९५६ या वर्षांत उत्खनन केलें. तेथें सोन्याची नाणीं निघतील अशी गांवकऱ्यांची अपेक्षा असावी. निघालीं तीं बहुतेक खापरें, मणी व दगडी हत्यारें. त्या फुटक्या खापरांवरूनच अश्मयुगापासून मुसलमानी अमदानीपर्यंतच्या वस्तीचा क्रम लागला, हें आज सर्वांस ठाऊक आहे. याच सांकळियांनीं मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांच्यासह १९४५-४६ सालीं कोल्हापूर येथील ब्रह्मपुरीची टेकडी खणली होती. म्हणजे करवीरेश्वराच्या नांवानें म्हणा कीं सांकळियांच्या कुदळीनें म्हणा, नेवाशाहून करवीरास जाणारी वाट इतिहासाच्या अभ्यासकास नवी नाहीं. प्रस्तुत लेखक त्याच वाटेनें जात आहे; मात्र त्याचा विषय ताम्रपट नव्हे, सनद नव्हे, तर कोल्हापूरच्या पेठांत खेळला जाणारा फुटबॉल हा आहे.

विषयाचें नांव ऐकून कांहीं वाचकांच्या भिवया वर जातील याची मला कल्पना आहे. त्यांची शंका दुहेरी असते. एक, हा परक्यांचा खेळ. दुसरी, हा कालचा खेळ, त्यास कसला इतिहास? पहिल्या शंकेस उत्तर देण्याच्या भरांत आमचे कांहीं उत्साही लेखक एकदम दुसऱ्या टोकास जातात व फुटबॉल मूळ आमचाच असें ठरवून मोकळे होतात. त्यांच्या हातीं पुरावा असतो तो एवढाच कीं, चेंडू आमच्याकडे जुना आहे. तो जुना आहे यांत संशय नाहीं. चेंडू हा शब्दच कानडी चेंडु शब्दाचा सख्खा भाऊ आहे. ज्ञानेश्वरींत चेंडू जमिनीवर आपटण्याचा दृष्टांत आहे. आपटणाऱ्याचा हेतु चेंडू टाकून देण्याचा नसून तो उसळून पुन्हा हातीं यावा हा असतो. संतांच्या खेळाच्या अभंगांत हुतुतू, हमामा, विटीदांडू यांच्या जोडीला चेंडूफळी येते, आणि कालियाच्या डोहांत पडलेला कृष्णाचा चेंडू तर घरोघरच्या मुलांस ठाऊक असतो. कल्याणीच्या चालुक्यांपैकीं सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लासांत (इ. स. ११२९-३०च्या सुमाराचा ग्रंथ) दोन पक्ष करून घोड्यांवरून चेंडू खेळण्याचें व मल्लांच्या झुंजींचें सविस्तर वर्णन आहे. परंतु यांतला एकहि खेळ फुटबॉल नव्हे. घोड्यावरून काठीनें मारलेला चेंडू आणि बुटानें मारलेला चेंडू हे एकच असें म्हणणें म्हणजे बखरींतल्या आंकड्यांवर विसंबून फौजेचा आंकडा सांगण्यासारखें आहे. खेळ परका आहे हें सरळ मान्य करावें. पाहावयाचें तें निराळेंच आहे : परका खेळ आला, तो कोणाच्या घरीं उतरला, आणि त्या घरानें त्यास काय शिकविलें.

खेळ आला तो सुप्रसिद्ध मार्गानें. १८६३ सालीं लंडनमध्यें त्याचे नियम ठरले. गोमंतकांत १८८३ सालीं फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मोपदेशकानें शिवोली येथें तो मुलांस शिकविला, असें तेथील क्रीडेतिहास सांगतो. ब्रिटिश हिंदुस्थानांत तो पलटणींबरोबर आला. १८८८ सालीं सिमल्यास ड्युरँड स्पर्धा सुरू झाली व १८९१ सालीं मुंबईस रोव्हर्स चषकाची. रोव्हर्सची पहिली ढाल वुर्स्टरशायर पलटणीनें नेली, आणि पुढें पुष्कळ वर्षे ती एका पलटणीकडून दुसरीकडे जात राहिली. २९ जुलै १९११ रोजीं कलकत्त्याच्या मोहनबागानें ईस्ट यॉर्कशायर पलटणीस दोन विरुद्ध एक गोलानें हरविलें. त्या दिवसाचें वर्णन बंगाली ग्रंथकारांनीं इतकें केलें आहे कीं त्यांत भर घालण्याचें कारण नाहीं. रोव्हर्स चषक एतद्देशीय नागरी संघाच्या हातीं पडावयास मात्र १९३७ साल उजाडलें; त्या वर्षीं व लागोपाठ पुढच्याहि वर्षीं तो बंगलोर मुस्लिम्स या संघानें जिंकला.

आतां मुख्य प्रश्न. मुंबईस एवढी जुनी स्पर्धा, कूपरेजसारखें मैदान, सरकारचा व धनिकांचा आश्रय; मग मुंबईचा मनुष्य आपल्या वाडीच्या किंवा आळीच्या संघासाठीं कोल्हापूरकरासारखा वेडा कां झाला नाहीं? मला याचें उत्तर संघांच्या नांवांत दिसतें. मुंबईचे गाजलेले संघ पाहा : पलटणी गेल्यावर टाटा, मफतलाल, महिंद्र. हे संघ उत्तम खेळले, त्यांनीं शेंकडों खेळाडूंस नोकरी दिली, त्या नोकरीवर घरें उभीं राहिलीं. हें ऋण लहान नव्हे. परंतु संघ ज्याचा, त्याची मर्जी फिरली कीं संघ संपला. महिंद्र युनायटेडनें २००५-०६ सालीं राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०११ पर्यंत तो संघ विसर्जित झालाहि. कंपनी मोडत नाहीं, तिचा धंदा चालूच राहतो. फक्त एका सकाळीं तिच्या पत्रकांत संघाचें नांव नसतें. रोव्हर्स चषकहि एकविसाव्या शतकाच्या तोंडाशीं असाच बंद पडला. कोल्हापुरांत असें घडत नाहीं, कारण तेथें संघ कोणाच्या मर्जीनें निघालेला नाहीं. तो पेठेचा आहे, आणि पेठेस राजीनामा देतां येत नाहीं.

कोल्हापूरची तालीम म्हणजे काय, हें बाहेरच्या वाचकासाठीं थोडें विस्तारानें सांगणें अवश्य आहे. शब्द अरबी; अर्थ शिक्षण. तेथला गुरु तो वस्ताद, म्हणजे फारसी उस्ताद. आखाडा हा शब्द संस्कृत अक्षवाटापासून आला असें मानतात. तिन्ही शब्द एकाच चौकटींत नांदतात, आणि त्या चौकटींत मारुती असतो. तांबड्या मातीचा हौदा, कडेला मुद्गल, भिंतीला तसबिरी, दाराशीं संध्याकाळीं बसणारे म्हातारे. परंतु तालीम केवळ कुस्तीचें स्थान नव्हे. गणपति बसतो तो तालमीचा, मोहरमांत पंजे बसतात तेहि कित्येक तालमींतच, आणि त्यांपुढें नाचणारांत हिंदू व मुसलमान निराळे काढतां येत नाहींत. त्र्यंबोलीची यात्रा निघते ती पेठापेठांच्या मंडळांची. पेठेंत भांडण झालें तर तें तालमीच्या पायरीवर मिटतें किंवा तेथेंच वाढतें. एखाद्या गरिबाच्या घरीं मयत झालें तर सामान आणावयास धांवणारी पोरें तालमींचींच असतात.

या संस्थेस राजाश्रय मिळाला तो शाहू छत्रपतींच्या कारकीर्दींत (१८९४–१९२२). १९०२ सालच्या विलायतयात्रेंत रोमचें प्राचीन रंगमंडल पाहून त्यांच्या मनांत आलें आणि त्यांतून खासबागेचें कुस्त्यांचें मैदान उभें राहिलें. तें १९१२ सालीं खुलें झालें. खोल हौदा, चोहोंकडून चढत गेलेली बैठक, आणि कोठूनहि पाहिलें तरी मल्लाचा पाय दिसावा अशी रचना. कोल्हापूरकर प्रेक्षक या मैदानावर घडला. कुस्ती पाहतांना गप्प बसणें त्यास ठाऊक नाहीं. तो डाव ओळखतो, वस्तादास वरून सल्ला देतो, आपल्या पेठेचा मल्ल पडला तर दोन दिवस जेवत नाहीं. आज फुटबॉलचे सामने होतात तें शाहू स्टेडियम खासबागेपासून पायीं थोड्याच अंतरावर आहे. तेथें सामन्याच्या दिवशीं जो आरडाओरडा चालतो तो नीट ऐकिला म्हणजे कळतें कीं हौदा बदलला, कंठ तोच आहे.

आतां संघांचीं नांवें पाहूं. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, ऋणमुक्तेश्वर तालीम, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम, वेताळमाळ तालीम, संध्यामठ तरुण मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, संयुक्त जुना बुधवार पेठ, फुलेवाडी. आणि या सर्वांत एकटा इंग्रजी पेहरावाचा प्रॅक्टिस क्लब. क्षेत्रमाहात्म्यें चाळणाऱ्या वाचकास ही यादी ओळखीची वाटेल. उत्तरेश्वर, ऋणमुक्तेश्वर, खंडोबा, वेताळ, संध्यामठ हीं जुन्या करवीरक्षेत्राचीं दैवतें व स्थानें आहेत. 'पाटाकडील' हें विशेषण उघड दिशा दाखविणारें आहे. पाट कोठें आहे हें ज्यांस सांगावें लागत नव्हतें अशा शेजाऱ्यांनीं तें प्रचारांत आणलें. 'जुना बुधवार' हें नांव पेठांच्या वसाहतीचा एक कालक्रमच सांगतें. 'दिलबहार' हें फारसी फूल या रांगेंत कसें उमललें तें मोहरमाच्या पंजांनीं सांगावें. चेंडू खेळावयासाठीं जर या मंडळ्या निघाल्या असत्या तर प्रॅक्टिस क्लबाप्रमाणें त्यांनीं चेंडूस शोभेल असें नांव घेतलें असतें. 'तालीम' हा शब्द कुस्तीचा. तो फुटबॉलच्या संघास लागला याचा अर्थ घर आधीं होतें, पाहुणा मागाहून आला. नांवांचा पुरावा इतर ठिकाणीं आपण मानतों; गांवाच्या नांवावरून वस्तीचें वय काढतों. मग येथें तो कां मानूं नये?

या घरांत येतांना फुटबॉलास कांहीं गोष्टी पत्कराव्या लागल्या. पहिली म्हणजे वैर. कुस्तींत दोन पेठांचें वैर दोन मल्लांच्या अंगावर पडे व अर्ध्या घटकेंत निकालीं निघे. फुटबॉलनें तें अकरा जणांत वांटलें आणि वर्षभर पुरेल एवढें लांबविलें. मंगळवार पेठेंतील पाटाकडील आणि शिवाजी पेठेंतील शिवाजी मंडळ किंवा खंडोबा यांच्यांत सामना असला कीं दोन्ही पेठांतील व्यवहार दुपारनंतर थंडावतो. मुलगी एका पेठेंतून दुसरींत दिली असेल तर त्या दिवशीं जांवयानें सासुरवाडीस जाऊं नये, असें विनोदानें म्हणतात. विनोदांत किती व खरें किती तें मी सांगत नाहीं. मात्र एकाच पेठेंतील दोन संघांतील चुरस ही दोन पेठांतील चुरशीहून कडू असते, हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. भाऊबंदकीचा नियम येथेंहि चुकला नाहीं.

या वैराची काळी बाजू लपविण्यांत अर्थ नाहीं. दगडफेक झाली आहे, सामने अर्धवट सोडावे लागले आहेत, पोलिसांच्या बंदोबस्ताशिवाय मोठा सामना होत नाहीं. एका गोलाच्या वादावरून तरुण पोरांवर खटले झाले, आणि खटला असलेल्या पोरास नोकरीच्या वेळीं काय भोगावें लागतें हें त्याच्या आईस विचारावें. अलीकडे दुसरी गोष्ट आली. जिंकण्याच्या ईर्षेनें तालमींनीं बाहेरगांवचे, पुढें तर नायजेरियासारख्या दूरदेशचे खेळाडू पैसे देऊन आणिले. यावर वाद फार झाला व कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनला त्यासाठीं नियम करावे लागले. जुने लोक म्हणतात, पेठेच्या संघांत पेठेचा रक्ताचा माणूस नसेल तर तो संघ कसला? मला या तक्रारींत अर्धेंच तथ्य दिसतें. खासबागेंत पंजाबचे मल्ल येऊन लढले, त्यांस करवीरकरांनीं डोक्यावर घेतलें. तेव्हां कोणीं रक्त विचारलें नाहीं. फरक इतकाच कीं मल्लास छत्रपति पोसत, आणि आजच्या खेळाडूची बिदागी पेठेंतील दुकानदाराच्या वर्गणींतून जाते. वर्गणी देणारा हिशेब मागणारच.

परंतु याच ईर्षेचें दुसरें फळहि आहे. ज्या पेठांत पोरास घरीं अभ्यासास कोपरा नाहीं तेथें त्यास तालमीच्या दारांत एक ओळख मिळते : अमक्याचा उजवा पाय, तमक्याचा गोलरक्षक. त्या ओळखीवर कोणी पोलिस झाला, कोणी मोठ्या क्लबांत गेला. २०१७ च्या ऑक्टोबरांत हिंदुस्थानांत भरलेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकांत देशाच्या संघांत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. आणि मोठ्यांच्या विश्वचषकाच्या वर्षीं तर या गल्ल्यांतून ब्राझील, अर्जेंटिना, जर्मनी यांचे ध्वज असे फडकतात कीं परका मनुष्य वाट चुकल्यासारखा होतो. ज्या पेठेंत उत्तरेश्वराची पालखी निघते तेथेंच ब्युनॉस आयरीसच्या एका खेळाडूची दोन पुरुष उंचीची तसबीर उभी राहावी, हें दृश्य हसण्यासारखें नाहीं. जुन्या देवळाच्या भिंतीवर अश्वारूढ परदेशी सैनिक कोरलेला आढळला तर आपण त्यावर निबंध लिहितों.

दुसरी गोष्ट वस्तादाची. इंग्रजी पद्धतींत शिकविणारा निराळा व संघ निराळा. शिकविणारा पगारावर असतो व हरला तर जातो. तालमींत वस्ताद जात नाहीं. तो चेल्याचें खाणें, झोपणें, संगत, लग्न या सर्वांत लक्ष घालतो. हिंदुस्थानांत फुटबॉलचा सर्वांत मोठा गुरु म्हणून ज्याचें नांव घेतात तो याच जातीचा होता, आणि तो नेवाशास अगदींच परका नव्हता. नेवाशाहून प्रवरासंगमास गेलें कीं पलीकडे गोदावरी. आणि १९४८ पर्यंत गोदावरीच्या पलीकडे निजामाचा मुलूख लागे. त्या मुलुखाच्या राजधानींतील शाळाशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबाद शहर पोलिसांच्या संघाचे गुरु. त्यांच्या हाताखालीं त्या संघानें १९५० पासून १९५४ पर्यंत लागोपाठ पांच वेळां मुंबईचा रोव्हर्स चषक नेला. पुढें राष्ट्रीय संघ त्यांच्याकडे आला. १९५१ व १९६२ या दोन्ही एशियाई क्रीडोत्सवांत त्यानें सुवर्णपदक मिळविलें आणि १९५६ सालीं मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्यें चौथा क्रमांक. जकार्ता येथें ४ सप्टेंबर १९६२ रोजीं दक्षिण कोरियास दोन विरुद्ध एक असें हरविलें तेव्हां रहीम यांस असाध्य आजारानें गांठलें होतें; ११ जून १९६३ रोजीं ते वारले. ते मुलांसाठीं दुबळ्या पायानें खेळण्याच्या स्पर्धा भरवीत, म्हणजे ज्याचा उजवा पाय बलवान् त्यानें डाव्यानेंच खेळावयाचें. कुस्तीचा कोणताहि जुना वस्ताद ही युक्ति ऐकून मान डोलावील. मल्लाची कच्ची बाजू आधीं घोटून घेणें हेंच त्याचें शास्त्र. रहीम यांचें नांव सर्वसामान्य लोकांपुढें आलें तें २०२४ सालीं त्यांच्यावर हिंदी बोलपट निघाला तेव्हां, मृत्यूनंतर साठ वर्षांनीं. राष्ट्रीय गुरूची ही कथा. मग पेठेंतल्या वस्तादाचें नांव कोठें शोधावें?

तें शोधण्याची जागा एकच : तालमींचीं व घरांचीं दप्तरें. येथें मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे. माझे मामा कोल्हापूरच्या नदीकडच्या एका पेठेंत राहत व तरुणपणीं तेथल्या संघाकडून खेळत. संघाचें नांव देत नाहीं. दिल्यास दुसऱ्या पेठेचे वाचक येथेंच पान उलटतील. त्यांच्या पश्चात् १९८६ सालीं मामींनीं मला बोलावून घेतलें. "तूं जुनें कागद जमवतोस ना रे बाळ, तुझ्या मामांची पेटी बघून घे," असें म्हणून त्यांनीं माळ्यावरची पत्र्याची पेटी काढविली. पेटींत वरच्या बाजूस मोडी कागदांचें एक बाड होतें व खालीं फुटबॉलचा संसार : सामन्यांचीं हस्तपत्रकें, वर्गणीच्या दोन वह्या, कांहीं पत्रें, कातरलेलीं वर्तमानपत्रें, एक दोरी बांधलेली चेंडूची फाटकी कातडी. मीं मोडी बाड उचललें. खालच्या वस्तु पाहून मी हसलोंहि असेन. मामी म्हणाल्या, "हे पण ने कीं, त्यांचा जीव होता त्यांत." मीं उत्तर दिलें, "मामी, हें राहूं द्या तुमच्याजवळ आठवण म्हणून." बाड नेवाशास आणून वाचलें तों त्यांत ज्ञात असलेल्या दोन पोथ्यांच्या अलीकडच्या नकला व एका किराणा दुकानाची उधारी निघाली. किराणा दुकानाची उधारी मीं जपून ठेविली, हें विशेष! ती मोडींत होती ना.

पुढें मामी वारल्या. २०१९ च्या ऑगस्टांत पंचगंगेचा पूर नदीकडच्या पेठांत शिरला व तळमजल्यांवर कित्येक दिवस पाणी राहिलें. घर दुरुस्तीसाठीं पेटी माळ्यावरून खालीं आणलेली होती. २०२१ च्या जुलैंत पुन्हा पूर आला, परंतु तोंवर त्या पेटींत वाहून जाण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें. वर्गणीच्या वह्यांत काय होतें तें मला आज आठवणीवरून एवढेंच सांगतां येतें : एका पानावर देणारांचीं नांवें एकाखालीं एक, आणि त्यांत चांभार, तांबोळी, गुरव, अत्तार, मराठे अशी सरमिसळ, दुसऱ्या पानावर खर्च, त्यांत लिंबें, बर्फ, चेंडूची वादी, आणि एका खेळाडूच्या गुडघ्यासाठीं वैद्यास दिलेले पैसे. कोणत्या जातीचे लोक एका संघाच्या मागें उभे होते याचा लेखी पुरावा माझ्या हातांत होता. मीं तो ठेवून उठलों. नेवाशाच्या खांबावरील तेलाचा हिशेब आम्ही प्रमाण मानतों, आणि पेठेच्या लिंबांचा हिशेब पाण्यांत जाऊं देतों.

पुराहूनहि झपाट्यानें काम करणारी दुसरी एक गोष्ट आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं, केशवराव भोसले यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, त्यांच्या नांवाचें शाहूकालीन नाट्यगृह जळून गेलें, व लागूनच असलेल्या खासबागेच्या मैदानासहि त्या आगीची झळ पोंचली. दगड पुन्हा रचतां येतात. तालमींचे दगड तर सध्यां चोहोंकडे पुन्हा रचले जात आहेत. जुन्या कौलारू इमारतींच्या जागीं सिमेंटचे मजले उठत आहेत. इमारत पाडावयाच्या आदल्या दिवशीं भिंतीवरच्या तसबिरी उतरवितात आणि फडताळांतले कागद रद्दीच्या काट्यावर जातात. तसबिरी पुन्हा लागतात, कारण त्यांत देव व पुढारी असतात. कागदांस कोण विचारतो?

तेव्हां ज्यांस पोथ्या जमविण्याचा अभ्यास आहे त्यांनीं कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली, मिरज, बेळगांव या बाजूंस गेल्यावर पोथीबरोबर एवढेंहि विचारावें कीं घरांत कोणी खेळत होतें काय. हस्तपत्रक मिळाल्यास त्यावरील छापखान्याचें नांव उतरून घ्यावें. तारखेचें साल बहुधा नसतें, छापखान्यावरून तें ठरवितां येतें. छायाचित्र मिळाल्यास आधीं पाठ पाहावी, मग तोंड. छायाचित्र चौकटींतून काढतांना पाठीचा पुठ्ठा फेंकूं नये, कित्येकदां नांवें त्याच पुठ्ठ्यावर असतात. ढालींवर कोरलेलीं अक्षरें घासून उजळूं नयेत, कागदाचा ठसा घ्यावा. म्हाताऱ्या खेळाडूस स्कोअर विचारूं नये, तो विसरलेला असतो किंवा वाढवून सांगतो. त्यास संघांत कोण कोठें उभा राहत असे हें विचारावें. तें तो चुकत नाहीं. जागा दाखवितांना उठून उभा राहतो.

मामांच्या पेटींतली एक वस्तु वांचली आहे. मोडी बाडास आधार म्हणून मामांनीं एका पुठ्ठ्यावर चिकटविलेलें छायाचित्र घातलें होतें, तें न कळत माझ्याबरोबर नेवाशास आलें व पुढें अनेक वर्षे उधारीच्या वहीखालीं दडून राहिलें. त्यांत दोन रांगांत अकरा तरुण आहेत. मागें उभे असलेल्यांपैकीं चौघांच्या पायांत बूट आहेत, बाकीचे अनवाणी. मध्यें खुर्चीवर फेटा बांधलेले एक गृहस्थ बसले आहेत. त्यांच्या कानांची ठेवण मल्लाची आहे, मोडलेली. चेंडू त्यांच्या पायाशीं आहे, त्यावर खडूनें कांहीं लिहिलेलें पुसलें गेलें आहे. पाठीवर मोडींत बारा नांवें आहेत. खुर्चीवरील गृहस्थांच्या नांवापुढें 'वस्ताद' हा शब्द स्वच्छ वाचतां येतो. मामांचें नांव पांचवें. एकंदर दहा नांवें लागलीं. नववें वाळवीनें नेलें, आणि बाराव्याचें आद्याक्षर 'बा' कीं 'वा' यावर माझा व माझ्या एका स्नेह्याचा वाद चालू आहे. मोडींत ब आणि व यांचा घोटाळा नेहमींचाच. छायाचित्राची प्रत मीं करून ठेविली असून ज्या पेठेचें तें आहे तिच्या तालमींत एक प्रत नेऊन द्यावयाची आहे. तेथें दारांत बसणारांपैकीं एखादा म्हातारा तोंडावरूनच सांगेल कीं तो बाबू होता कीं वामन.